फौजीची विधवा आणि दुसरा निकाह : फॅमिली पेन्शन कधी थांबते, कधी चालू राहते?

धाराशिव जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत फौजेत गेलेली माणसे आहेत. उमरगा, लोहारा, तुळजापूरपासून भूम, परंड्यापर्यंत कुठेही जा, गावात एखादे घर ‘फौजीचे घर’ म्हणून ओळखले जाते. त्या घरातला माणूस ड्युटीवर गेला किंवा निवृत्तीनंतर वारला, तर मागे राहिलेल्या बाईचे आणि मुलांचे घर फॅमिली पेन्शनवर चालते. बाई तरुण असेल, तर वर्ष-दोन वर्षांनी घरात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : हिचा दुसरा निकाह लावला तर पेन्शन बंद होईल का?

या प्रश्नाचे उत्तर नीट माहीत नसल्यामुळे आपल्याकडे तीन प्रकारचे नुकसान होते. कुठे पेन्शन जाईल म्हणून पंचविशीतल्या मुलीचा निकाह वर्षानुवर्षे टाळला जातो. कुठे निकाह लावतात, पण नोंद करत नाहीत, कळवत नाहीत, आणि पुढे वसुलीची नोटीस येते. कुठे ‘पेन्शन टिकवायची तर दिराशीच निकाह कर’ असा दबाव बाईवर आणतात. तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा अर्धवट ऐकीव माहितीवर होतात. म्हणून सेनादलांच्या फॅमिली पेन्शनचे नियम, पुनर्विवाहाच्या बाजूने, आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

सगळ्यांत आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो. दुसरा निकाह केला की पेन्शन बंदच होते, हे खरे नाही. काहीच फरक पडत नाही, हेही खरे नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींवर : पेन्शन कोणत्या प्रकारची आहे, आणि मरहूम पतीपासून मुले आहेत की नाहीत.

आधी पीपीओ उघडा

पेन्शन मंजूर झाल्यावर पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, मिळते. आता ती ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतही दिसते. त्या कागदावर पेन्शनचा प्रकार लिहिलेला असतो. घरातल्या कोणालाही विचारण्याआधी तो शब्द वाचा. प्रकार तीन आहेत.

पहिला, ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन. सैनिक निवृत्त होऊन घरी वारला, किंवा सेवेत असताना नोकरीशी संबंध नसलेल्या कारणाने वारला, तर साधारणपणे ही पेन्शन लागते. दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणे किमान ९,००० रुपये महिना, शिवाय महागाई भत्ता. सुरुवातीची काही वर्षे ती वाढीव दराने, म्हणजे ५० टक्क्यांनी मिळते. सेवेत मृत्यू झाला असेल तर १० वर्षे. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल तर ७ वर्षे किंवा मरहूम ६७ वर्षांचे झाले असते त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते.

दुसरा, स्पेशल फॅमिली पेन्शन. मृत्यू सैनिकी सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे आजार बळावून झाला, असे मान्य झाले तर ही लागते. दर ६० टक्के.

तिसरा, लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन. युद्धात, सीमेवरच्या चकमकीत, दहशतवाद्यांविरुद्धच्या कारवाईत मृत्यू झाला तर ही. दर शेवटच्या पगाराइतका, म्हणजे १०० टक्के.

हिशोबासाठी समजा, मरहूमचा पेन्शनसाठी धरलेला पगार ४०,००० रुपये होता. मग ऑर्डिनरी पेन्शन १२,०००, स्पेशल २४,००० आणि लिबरलाइज्ड ४०,००० रुपये होते. महागाई भत्ता वेगळा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागतील.

अग्निवीरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या योजनेत पेन्शन नाही. मृत्यू झाल्यास घरच्यांना विमा आणि एकरकमी मदत मिळते. म्हणून अग्निवीराच्या विधवेसमोर ‘निकाह केला तर पेन्शन जाईल’ हा प्रश्नच येत नाही.

ऑर्डिनरी पेन्शन आणि दुसरा निकाह

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत हीच पेन्शन असते, कारण बहुतेक फौजी निवृत्त होऊन घरीच वारतात. इथे दोन वाटा आहेत.

मूल नसेल तर : सहाव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २००६ पासून, अपत्य नसलेल्या विधवेची पेन्शन दुसऱ्या निकाहानंतरही चालू राहते. अट एकच. तिचे स्वतःचे इतर सर्व मार्गांनी मिळणारे उत्पन्न किमान फॅमिली पेन्शनइतके किंवा त्याहून जास्त झाले, की पेन्शन थांबते. ती मर्यादा आज ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता अशी आहे. इथे बघायचे ते बाईचे स्वतःचे उत्पन्न. शिवणकाम, नोकरी, भाडे, तिच्या नावावरच्या शेतीचे उत्पन्न, जे असेल ते तिने खरे सांगायचे असते आणि ठरावीक काळाने उत्पन्नाचे घोषणापत्र द्यायचे असते.

मूल असेल तर : बाईने दुसरा निकाह केला की तिच्या नावाची ऑर्डिनरी पेन्शन थांबते. पण ती घरातून निघून जात नाही. ती मरहूमच्या मुलांकडे वळते. मुलगा असो वा अविवाहित मुलगी, २५ वर्षे वयापर्यंत, किंवा लग्न होईपर्यंत, किंवा स्वतः कमावू लागेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत. एका वेळी एकालाच मिळते, जन्माच्या क्रमाने. मोठ्याचा हक्क संपला की धाकट्याला. जुळी असतील तर दोघांना सारखी. मूल अपंग असेल आणि त्यामुळे कमावू शकत नसेल, तर त्याला आयुष्यभर.

याचा व्यवहारातला अर्थ समजून घ्या. समजा, कळंबच्या एका बहिणीला ६ वर्षांचा मुलगा आणि ३ वर्षांची मुलगी आहे. तिने निकाह केला, कागद वेळेवर दिले, तर मुलगा २५ चा होईपर्यंत पेन्शन त्याच्या नावाने येईल. त्यानंतर मुलगी अविवाहित आणि न कमावती असेल तर तिच्या नावाने. म्हणजे तिच्या घरात १९ वर्षे तरी पेन्शन येत राहण्याची सोय नियमातच आहे. ‘निकाह केला म्हणून मुलांच्या तोंडचा घास गेला’ असे तिला कोणी सुनावत असेल, तर ते चुकीचे आहे.

मुले मोठी झाली असतील तर : सगळी मुले २५ च्या पुढे गेली, नोकरीला लागली, मुली सासरी गेल्या, आणि आता उतारवयात बाईंना साथीदार हवा आहे. अशा वेळी थांबून विचार करायला हवा. पुनर्विवाहानंतरही पेन्शन चालू ठेवण्याची सवलत अपत्य नसलेल्या विधवेसाठी आहे, आणि मुलांचा हक्क संपला असल्याने पेन्शन वळायला घरात कोणी उरलेले नसते. म्हणून अशा बहिणीने निकाहाची तारीख ठरवण्याआधी रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी उत्तर घ्यावे आणि मग घरखर्चाचा हिशोब मांडून निर्णय करावा.

स्पेशल आणि लिबरलाइज्ड पेन्शनमध्ये चित्र वेगळे

सेवेमुळे किंवा कारवाईत पती गेलेल्या बाईसाठी सरकारने जास्त उदार नियम केले आहेत. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात ते आले.

मुले आहेत, आणि निकाहानंतरही आईच मुलांचा सांभाळ करते : पूर्ण स्पेशल किंवा पूर्ण लिबरलाइज्ड पेन्शन तिलाच चालू राहते. एक रुपयाही कमी होत नाही.

मुले आहेत, पण निकाहानंतर आई त्यांचा सांभाळ करत नाही, मुले आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे आहेत : मग पेन्शन विभागते. आईला ऑर्डिनरी दराने, म्हणजे ३० टक्के मिळते. मुलांना स्पेशल किंवा लिबरलाइज्ड पेन्शनची निम्मी रक्कम मिळते.

वरचा हिशोब इथे लावून पाहू. पगार ४०,००० धरला आणि पेन्शन लिबरलाइज्ड असेल, तर मुलांना सांभाळणाऱ्या आईला निकाहानंतरही ४०,०००. सांभाळत नसेल तर तिला १२,००० आणि मुलांना २०,०००. स्पेशल असेल तर सांभाळणाऱ्या आईला २४,०००. नाहीतर तिला १२,००० आणि मुलांना १२,०००.

म्हणजे इथे सारा वाद ‘मुले कोणाकडे आहेत’ या एका प्रश्नावर येतो. सासरचे लोक मुले ठेवून घेतात आणि ‘ही मुलांना बघत नाही’ असा अर्ज करतात, किंवा बाई मुले सासरी ठेवून पूर्ण पेन्शन घेत राहते, असे दोन्ही होऊ शकते. दोन्हींत नुकसान यतीम लेकरांचे. म्हणून सांभाळाचा पुरावा जवळ ठेवावा : शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून कोणाचे नाव आहे, रेशनकार्डावर मुले कोणासोबत आहेत, आधारवरचा पत्ता, शाळेची फी आणि दवाखान्याच्या पावत्या.

मूल नसेल तर : या दोन प्रकारांत मूल नसलेल्या विधवेचा हक्कही केवळ निकाह झाला म्हणून पुरता संपत नाही. पूर्ण दर की कमी दर, हे तिच्या प्रकरणाचे कागद बघून ठरते. मरहूमचे आईवडील हयात असतील तर त्यांचीही माहिती अर्जात द्यावी आणि दर लेखी ठरवून घ्यावा.

दिराशीच निकाह करायला हवा का?

नाही. ही गोष्ट गावोगावी सांगितली जाते, आणि तिला जुना आधार आहे. शौर्य पदकासोबत दरमहा जो भत्ता मिळतो, तो विधवेने पुनर्विवाह केल्यावर चालू ठेवायचा असेल तर तिने मरहूमच्या भावाशीच लग्न केलेले असावे, अशी अट पूर्वी होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ती काढून टाकली. आता विधवेने कोणाशीही लग्न केले तरी शौर्य पदकाचा भत्ता तिला हयातीपर्यंत मिळतो.

दिराशी निकाह करणे शरीयतमध्ये जायज आहे आणि अनेक घरांत तो राजीखुशीने होतो, मुलांना घर मिळते. आमचे म्हणणे इतकेच की बाईच्या मर्जीशिवाय तो होऊ नये. आणि पेन्शनचे कारण पुढे करून तर मुळीच नाही.

पेन्शन म्हणजे मिरास नाही

आपल्या घरांत आणखी एक गोंधळ होतो. मरहूमची पेन्शन त्याच्या तरक्यात धरून ‘आईचा सहावा हिस्सा, भावाचा हिस्सा’ असा हिशोब लावतात. सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच स्पष्ट केले आहे की फॅमिली पेन्शन ही मृताची मालमत्ता नाही आणि ती मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. ती नियमात ज्याचे नाव बसते त्याचाच हक्क.

उलट बाजूने, मिरास हा वेगळा हक्क आहे आणि दुसऱ्या निकाहाने तो जात नाही. पती वारला त्या क्षणी विधवेचा हिस्सा ठरतो : मरहूमला मुले असतील तर आठवा, नसतील तर चौथा. पत्नी एकाहून जास्त असतील तर तो हिस्सा त्यांच्यात वाटला जातो. पुढे तिने निकाह केला म्हणून ‘आता तुझा या शेतात, या घरात हिस्सा नाही’ असे म्हणता येत नाही. न दिलेला मेहर तर मरहूमवरचे कर्ज आहे. तो तरका वाटण्याआधी द्यायचा असतो.

तसेच नॉमिनी म्हणून तिला मिळालेला विमा आणि एकरकमी मदत ही एकदाची देणी आहेत. निकाह झाला म्हणून ती परत मागण्याचा हक्क सासरला मिळत नाही.

मुलांचे पालकत्व : मुस्लिम आईसाठी खास सूचना

ही बाब आपल्या बहिणींना सर्वांत जास्त अडवते. मुस्लिम कायद्यात मुलाला जवळ ठेवणे, म्हणजे हिजानत, आणि मुलाच्या पैशाची-मालमत्तेची कायदेशीर देखभाल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हनफी मताप्रमाणे मुलगा ७ वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. पण मालमत्तेचा कायदेशीर पालक वडील, आणि त्यांच्यानंतर वडिलांनी नेमलेला माणूस किंवा आजोबा. आई आपोआप त्या यादीत येत नाही.

म्हणून पेन्शन अल्पवयीन मुलाच्या नावावर वळते तेव्हा कार्यालय किंवा बँक मुस्लिम आईकडे कोर्टाचे पालकत्व प्रमाणपत्र मागू शकते. अशा वेळी भांडत बसू नये. गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट, १८९० खाली धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. कोर्ट मुलाचे हित कशात आहे ते बघते. आईने दुसरा निकाह केला एवढ्यावरून तिचा अर्ज फेटाळला जाईलच असे नाही. नवे घर कसे आहे, मुलाची शाळा कुठे, मूल कोणाजवळ रमते, हे सारे पाहिले जाते. निकाह ठरत असतानाच हा अर्ज केला, तर पुढे पेन्शन अडकून राहण्याचे महिने वाचतात.

आणि एक लक्षात असू द्या. मुलाच्या नावाने आलेली पेन्शन ही त्याची अमानत आहे. ती नव्या पतीच्या धंद्यात घालायची नाही, आजोबांच्या बोअरवेललाही लावायची नाही. वेगळे खाते, वेगळा हिशोब.

नव्या घरातली मुले, नवा पती, आणि दुसरी पत्नी

दुसऱ्या निकाहातून झालेल्या मुलांना पहिल्या पतीच्या पेन्शनवर हक्क नसतो. नव्या पतीलाही नाही. याला जोडून नागपूरच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये निकाल दिला. तिथल्या एका निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्याच्या विधवेने पतीच्या निधनानंतर मुलगा दत्तक घेतला होता आणि पुढे पुनर्विवाह केला होता. त्या दत्तक मुलाला मृत कर्मचाऱ्याची फॅमिली पेन्शन मिळणार नाही, असे कोर्टाने सांगितले. प्रकरण नागरी सेवेचे असले तरी तत्त्व समजण्यासारखे आहे : पेन्शनसाठी ‘कुटुंब’ म्हणजे मृताचे कुटुंब, विधवेने नंतर उभे केलेले नव्हे.

आता उलटा प्रश्न. फौजीने स्वतः निवृत्तीनंतर दुसरा निकाह केला असेल तर? पहिली पत्नी वारली, मग साठीत निकाह केला, आणि पुढे ते गेले. अशा पत्नीला फॅमिली पेन्शन मिळते. निवृत्तीनंतरच्या लग्नातल्या पत्नीला आणि मुलांना बाहेर ठेवता येणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९८९ साली ठरवले. पण त्यासाठी निकाहाची नोंद रेकॉर्ड ऑफिसमध्ये असायला हवी. हयात असतानाच पत्नीचे नाव चढवून घेणे हे फौजीचे काम आहे. ते राहून गेले, तर मागे राहिलेल्या बाईला वर्षभर हेलपाटे.

दोन पत्नी असतील तर नियम सांगतो की पात्र विधवांना पेन्शन सारख्या हिश्शाने मिळते. मात्र सेवेत असलेल्या सैनिकाला, त्याचा व्यक्तिगत कायदा परवानगी देत असला तरी, पहिली पत्नी असताना दुसरे लग्न सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. परवानगी नसलेल्या निकाहाची नोंद लष्कराच्या कागदांत होत नाही, आणि त्या पत्नीचा हक्क वादात पडतो. मुलीचा निकाह असा ठरत असेल तर मुलीकडच्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

विधवेच्या निकाहाला सरकारी मदतही आहे

हे फार थोड्यांना माहीत आहे. केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत, संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून, माजी सैनिकांच्या मुलींच्या लग्नासाठी आणि विधवेच्या पुनर्विवाहासाठी अनुदान मिळते. ते ५०,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते १ लाख रुपये करण्यास मंजुरी मिळाली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवे दर लागू झाले. वाढीव रक्कम आदेशानंतर झालेल्या लग्नांसाठी आहे. ही मदत हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यापर्यंतच्या कुटुंबांसाठी असते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो.

त्याच निर्णयात शिक्षणाची मदत महिना १,००० वरून २,००० रुपये झाली. ती दोन मुलांपर्यंत, पहिली ते पदवी, आणि दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विधवेलाही मिळते. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिक व विधवांची मदतही महिना ४,००० वरून ८,००० झाली.

म्हणजे सरकारच विधवेच्या पुनर्विवाहाला पैसे देते. मग आपणच तिचा निकाह गुन्ह्यासारखा का लपवायचा?

कागदांची तयारी : क्रमाने

इद्दतीत : पतीच्या निधनानंतरची इद्दत ४ महिने १० दिवस, आणि बाई गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. या काळात निकाह होत नाही, पण पेन्शनचे कागद थांबवायची गरज नाही. मृत्यूचा दाखला, बँकेचे तपशील, आधार, पॅन, फोटो हे घरातला विश्वासू माणूस जमवू शकतो आणि सह्या घरी घेता येतात. इद्दत संपेपर्यंत काहीच न करणाऱ्या घरांना पहिली पेन्शन फार उशिरा मिळते.

नावांची जुळणी : आपल्या बायकांच्या नावाचा घोळ जुना आहे. लष्कराच्या नोंदीत ‘बी’, आधारवर ‘बेगम’, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, बँकेत पतीचे. ‘स्पर्श’ अक्षर न् अक्षर बघते. दुसऱ्या निकाहानंतर नाव बदलण्याची घाई करू नये. आधी पेन्शनचे काम पुरे होऊ द्यावे, मग सर्व कागदांवर एकच नाव करावे.

निकाहाची नोंदणी : काझीसाहेबांचा निकाहनामा हवाच, पण तेवढ्यावर सरकारी काम भागत नाही. गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात नगरपरिषदेत विवाह नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यावे.

कळवणे : निकाह झाल्यावर लगेच रेकॉर्ड ऑफिसला आणि ‘स्पर्श’वर लेखी कळवावे. सोबत विवाह प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, सांभाळाचे किंवा उत्पन्नाचे घोषणापत्र द्यावे आणि पोच घ्यावी. रेकॉर्ड ऑफिस कुठले, ते पतीच्या रेजिमेंटवर ठरते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे सागरला, ग्रेनेडियर्सचे जबलपूरला. पत्ता पीपीओवर किंवा डिस्चार्ज बुकात सापडतो.

लपवले तर काय होते

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यातच ‘पुनर्विवाह झाला आहे का’ असा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहिले आणि पुढे कधी नव्या पतीच्या रेशनकार्डावर नाव चढले, नव्या मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव आले, किंवा सासरच्या कोणी अर्ज केला, तर निकाहाच्या तारखेपासूनची रक्कम परत मागितली जाते. खोट्या घोषणेचा गुन्हाही लागू शकतो. महिना १२,००० धरले तरी ५ वर्षांचे ७ लाख २० हजार होतात. आणि याच ५ वर्षांत हे पैसे हक्काने मुलांच्या नावावर येऊ शकले असते. लपवल्याने बाई कर्जबाजारी होते आणि मुलांचे काम किचकट होते.

शिवाय नोंद नसलेल्या निकाहात बाई दोन्हीकडून उघडी पडते. उद्या नव्या पतीने हात वर केले, तर निकाह सिद्ध करायला तिच्याकडे कागद नाही.

अडले तर कुठे जायचे

पहिला उंबरा धाराशिवचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. अर्ज भरणे, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, अनुदाने ही त्यांची कामे आहेत. पैशाचा हिशोब चुकला असेल तर प्रयागराजचे संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (पेन्शन) कार्यालय. तक्रार ‘स्पर्श’वर किंवा केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर करता येते. लेखी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ही सुरू केली आहे. जिल्हा पातळीवरच्या सैनिक कार्यालयांत कायदेशीर मदतीची केंद्रे उघडणे हा तिचा भाग आहे.

जमातीकडून एवढे व्हावे

हजरत खदीजा (रजि.) या पैगंबरांशी निकाह झाला तेव्हा विधवा होत्या, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. तरी फौजीच्या विधवेचा प्रश्न आला की आपण पेन्शनचा हिशोब पुढे करतो. मशिदीच्या कमिटीने, काझीसाहेबांनी अशा निकाहाच्या वेळी तीन गोष्टी विचाराव्यात : बाईची स्वतःची मर्जी आहे ना, पीपीओवर कोणती पेन्शन आहे, आणि मुलांच्या नावाचे कागद कोण करणार आहे. तिसऱ्या प्रश्नाला एका माणसाचे नाव ठरले, की निम्मे काम झाले.

आणि ज्या बहिणी हे वाचत आहेत, त्यांनी एवढेच करावे. आज पेटी उघडून पीपीओ काढा, प्रकार वाचा, दोन झेरॉक्स करून ठेवा. निकाह करायचा की नाही हा निर्णय तुमचा आहे. तो कागद समोर ठेवून घ्या.